मामाचं पाणी

‘‘केलू, त्याला विचार, डॉक्टर मूर्ख आहे की हा मूर्ख आहे?’’ आंदी लितिया मला म्हणाली.

ज्यांना विचारायचं ते माझ्यापासून हातभर अंतरावर, चटईवर, चिघळून काळा पडलेला उजवा पाय फडक्याने झाकून उशीवर ठेवून बसले होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं. अंगणातल्या कुत्र्यालाही ऐकू येत होतं. पण नामोली गावाचा रिवाज असा, की वयात आलेले बहीणभाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. एका छपराखाली बसतील, एकमेकांसाठी जीव टाकतील, पण शब्द टाकणार नाहीत. त्यामुळे मध्ये कुणीतरी लागतो, आणि माझ्याइतका सोयीचा माणूस त्या बेटावर दुसरा नव्हता. मी कुणाचा भाऊ नव्हतो, कुणाचा मेहुणा नव्हतो, मतदारही नव्हतो.

‘‘रातू,’’ मी म्हणालो, ‘‘बहीणबाई विचारतायत, मूर्ख कोण?’’

‘‘तिला सांग, शुक्रवारच्या बोटीने जातो. गुडघ्याखाली कापायचा म्हणतायत, कापू दे. उरलेल्यावर राज्य करीन.’’

‘‘आंदी, ते म्हणतात की—’’

‘‘मी काय बहिरी आहे?’’ आंदी म्हणाली आणि डोळे पुसत चुलीकडे गेली. रातू गालातल्या गालात हसले. ‘‘तुमच्याकडे लंगडा राजा चालतो का रे?’’

‘‘निवडून आला तर चालतो,’’ मी म्हणालो, आणि जीभ चावली. कारण महिन्यापूर्वीच रातू निवडणुकीत पडले होते.

पण ते रागावले नाहीत. ‘‘मग माझं कठीणच आहे,’’ म्हणाले.

मी मूळचा वेंगुर्ल्याजवळच्या केळूसचा. मच्छीमारांची सोसायटी उभी करून द्यायची आणि बर्फाची खोली चालू करून द्यायची, एवढ्या कामासाठी दोन वर्षांच्या करारावर फिजीला गेलो होतो. केळुसकर हे आडनाव तिथल्या जिभांना पेलेना, म्हणून केलू झालो. रातू हे काही नाव नव्हे, तो मान. नाव सैरूसी. नामोलीचे सरदार, आणि गावापासून प्रवाळाच्या बांधापर्यंतच्या पाण्याचेही सरदार. त्यांची बहीण लितिया. आंदी हा सरदाराच्या घरातल्या बाईचा मान.

आणखी एक माणूस या घरात सदैव असायचा, म्हातारा पेनाया. तो सरदाराचं तोंड. आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालायला गावकार उभा राहतो आणि देव गप्प असतो, तसंच तिथे. सरदाराने चार लोकांत स्वतः बोलायचं नाही. त्याने बसायचं, आणि पेनायाने बोलायचं. गप्प बसणाऱ्याला लोक किती भितात, हे मी तिथे पाहिलं. आमच्या पुढाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

प्रवाळाच्या बांधात एक वाट होती, मोठ्या समुद्रात उघडणारी. त्या वाटेच्या तोंडाशी पाण्यात एक खांब रोवलेला होता आणि त्याला नारळाच्या झावळ्या बांधलेल्या होत्या. त्याला म्हणायचं तांबू. खांबापलीकडे मासे मारायचे नाहीत. पहारा नाही, दंड नाही. काही वर्षांपूर्वी रातू एका सभेत बसले होते, पेनाया बोलला होता, आणि पाणी बंद झालं होतं. सरकारी खात्याची माणसं लाँच घेऊन यायची, पाण्यात बुडी मारून मासे बघायची, थक्क व्हायची आणि रातूंशी हस्तांदोलन करून जायची.

मग एका हॉटेल कंपनीची नजर त्या वाटेवर गेली. सुरुंग लावून वाट रुंद केली तर मोठ्या नौका आत येतील, असा त्यांचा बेत होता. जमीन गावाची असली तरी पाणी कायद्याने सरकारचं. तांबू गावाला लागू, कंपनीला नाही. तेव्हा रातूंनी ठरवलं की आपण निवडणुकीला उभं राहायचं आणि कायदा जिथे होतो तिथे जाऊन बसायचं.

पेनायाने माझ्यासमोरच त्यांना सांगितलं होतं, ‘‘रातू, मत मागावं लागतं.’’

‘‘मागू.’’

‘‘तुम्ही मागायचं नसतं. मागणारा देणाऱ्याच्या खाली बसतो. एकदा खाली बसलात की वर कसं बसणार?’’

‘‘पाण्यासाठी बसतो रे. थोडा वेळ.’’

थोडा वेळ बसले. दारोदार गेले, स्वतःच्या तोंडाने बोलले. लोकांनी चटया घातल्या, पेयाच्या करवंट्या पुढे केल्या, आणि अर्ध्यांनी मतं दुसऱ्याला दिली. पडले, ते एकवेळ ठीक. पण जो सगळ्या गावाचा होता तो आता अर्ध्या गावाचा झाला. आणि ती हॉटेल कंपनी पुढे आपणहून दुसऱ्या बेटावर गेली. तिला वाट आवडली नाही, की तिथे जेवण बरं मिळालं, देव जाणे.

शुक्रवारची बोट यायची होती त्याच्या आदल्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. रातूंच्या ओट्यावर आम्ही तिघे बसलो होतो. भर सकाळी इंजिनाच्या तीन होड्या गावातून निघाल्या, सरळ खांबाकडे गेल्या आणि खांब ओलांडून आत शिरल्या. पहिल्या होडीत उभा होता विलियामे, आंदीचा मुलगा. बसून चाललं असतं. पण मामाला नीट दिसावं म्हणून उभा होता.

रातू म्हणाले, ‘‘पेनाया, हाक दे.’’

पेनायाजवळ शंख होता. त्याने तो उचलला नाही.

‘‘हाक दे म्हटलं.’’

‘‘रातू, तो वासू आहे.’’

वासू म्हणजे बहिणीचा मुलगा. आपल्याकडे भाच्याचे लाड असतात. तिथे भाच्याचा हक्क असतो. मामाच्या घरातलं, शेतातलं, पाण्यातलं काहीही भाच्याने उचलावं आणि मामाने हसत बघावं. मामाची होडी भाच्याने नेली म्हणून कुणी चोर म्हणत नाही.

‘‘हाक दिली आणि तो वळला नाही तर?’’ पेनाया म्हणाला. ‘‘आज नुसते मासे जातायत. मग हाकही जाईल. ती परत आणायला मी म्हातारा झालो.’’

तिन्ही होड्या आत फिरत होत्या. विलियामेच्या मागच्या दोन होड्यांतली माणसं काही वासू नव्हती. पण भाचा शिरला म्हणजे दार उघडं आहे, एवढं कुणालाही कळतं.

दुपारी विलियामे मासे घेऊन बर्फाच्या खोलीवर आला. उंच, देखणा, आणि आतून धुमसत असला की बाहेरून फार हसणारा.

‘‘हे मी घेणार नाही,’’ मी म्हणालो. ‘‘तांबूतले आहेत.’’

‘‘वासूला तांबू नसतो. तुझ्या देशात भाचा मामाकडे जाऊन काय करतो?’’

‘‘सुट्टीत जातो, आंबे खातो, मामी कंटाळली की परत येतो.’’

‘‘मी तेच करतोय.’’ तो बर्फाच्या पेटीवर बसला. हसू तसंच होतं. ‘‘केलू, तो सगळ्यांच्या दारात गेला. त्या मेली नावाच्या दारुड्याच्या दारात गेला, हात जोडले. माझ्या दारात आला नाही.’’

‘‘घरच्याला काय मागायचं, असं वाटलं असेल.’’

‘‘मागायला हवं होतं. मी दिलं असतं.’’ मग उठला आणि मासे पुन्हा होडीत टाकायला लागला. ‘‘मग मला वाटलं, तो मागत नाही तर मी पण मागत नाही. तू हे घेऊ नकोस, बाजारात जातील. थंडीत कावाकावा येतील ना वाटेत, तेव्हा बघ. तेव्हा तुझ्या खोलीत जागा पुरायची नाही.’’

कावाकावा म्हणजे आपला गोबरा. एरवी हा मासा एकलकोंडा. आपापल्या खबदाडात बसून राहतो. पण वर्षातून एकदा, तिकडच्या थंडीत, म्हणजे आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हा, सगळ्या बांधावरचे गोबरे त्या एका वाटेत गोळा होतात, अंडी टाकायला. तेव्हा तिथे जाळं टाकणं म्हणजे बियाण्याचं पोतं दळायला काढण्यासारखं. ते एकदा दळलं की त्या गावाच्या पाण्यात पुढची कितीतरी वर्षं काही उगवायचं नाही. तांबू होता तो मुळात एवढ्याचसाठी.

संध्याकाळी रातूंनी मला बोलावलं. वाटीत यांगोना होतं, त्या मुळीचं मातकट पाणी. ते प्यायलं की जीभ जड होते आणि माणूस शहाण्यासारखा बोलतो, असा तिथे समज आहे. मी तिथल्या रिवाजाप्रमाणे टाळी वाजवून वाटी घेतली.

‘‘विलियामे काय म्हणाला?’’

मी सांगितलं. दाराबद्दलचंही सांगितलं. रातूंनी त्या झाकलेल्या पायाकडे पाहिलं.

‘‘खरं आहे त्याचं,’’ म्हणाले. ‘‘आता गेलो तर?’’

‘‘आता गेलात तर माशांसाठी आलात म्हणेल.’’

‘‘माशांसाठीच जाईन ना.’’ मग सहज विचारावं तसं, ‘‘कावाकावा वाटेत कधीपासून कधीपर्यंत असतात?’’

‘‘रातू, हे मी तुम्हाला सांगायचं?’’

‘‘मला मासे माहीत आहेत, महिने नाहीत. बांधाबाहेरून लोक जे आणतात ते तू रोज बघतोस. पोटं फुगलेली कधी असतात?’’

‘‘जूनपासून गाबोळी दिसायला लागते. ऑगस्ट सरेपर्यंत. सप्टेंबरात येतात ते रिकाम्या पोटाचे.’’

‘‘आणि हा मे सरत आला.’’

‘‘आला.’’

‘‘बरं,’’ रातू म्हणाले, आणि मला आणखी एक वाटी दिली. मग गप्पा माझ्या गावच्या देवळावर गेल्या. देव गप्प बसतो हे त्यांना फार आवडलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं की शुक्रवारच्या बोटीने जात नाही.

आंदी धावत आली. माझ्याकडे तोंड करून भावाला जे बोलली ते सगळं मी पोचवलं नाही, पोचवायची गरजही नव्हती. रातू एकच उत्तर देत राहिले, ‘‘तिला सांग, सरदार मातीत जातो तो दोन पायांनी जातो.’’

‘‘त्याला विचार, काल हे का नाही सुचलं?’’

‘‘तिला सांग, काल मी सरदार नव्हतो, निवडणुकीत पडलेला माणूस होतो.’’

मीही वाद घातला. म्हणालो, ‘‘रातू, एक पाय एका बाजूला, सगळा माणूस दुसऱ्या बाजूला. हा कुठला हिशेब?’’

‘‘तू चांगला हिशेबनीस आहेस, केलू,’’ ते म्हणाले. ‘‘पण एका वेळी एकच माणूस धरतोस.’’

मला वाटलं, पायाच्या दुखण्याने भ्रमिष्टासारखं बोलतायत.

शुक्रवारी सकाळी आंदी घरातून देवमाशाचा दात घेऊन आली. दोरीला बांधलेला, हाताळून हाताळून मधासारखा पिवळा झालेला. तिथे याहून मोठं मागणं नाही. हा दात पुढे ठेवून लग्नं जमतात, आणि खुनीसुद्धा माफ होतो. तिने तो माझ्या ओंजळीत दिला आणि खाली बसली. मी तो रातूंसमोर ठेवला. बोट धक्क्याला लागली होती. तिचा भोंगा वाजत होता.

रातूंनी दात उचलला नाही. हात मांडीवर तसेच ठेवून बसले. दुसरा भोंगा झाला, मग इंजिनाचा आवाज लांब गेला. आंदीने पुढे होऊन स्वतःच तो दात उचलला, पदरासारखं काही नव्हतं म्हणून झग्याच्या टोकाने पुसला, आणि निघून गेली. गाव म्हणालं, सरदाराचा ताठा. निवडणुकीने मान खाली घालायला लावली, म्हणून आता पाय तरी ताठ ठेवतोय. मलाही तसंच वाटलं. विलियामेलाही तसंच वाटलं. तो मला म्हणाला, ‘‘म्हातारा हट्टी आहे, पण पुढच्या बोटीने जाईल बघ.’’

पुढच्या बोटीने गेले नाहीत. ताप चढला. विष पायातून वर सरकत होतं. विलियामे रोज त्यांच्या ओट्याच्या पायरीपर्यंत येई, बसे आणि परत जाई. मामा बोलावील म्हणून तो थांबे, आणि भाचा आपणहून आत येईल म्हणून मामा थांबत. दोघांना मागायचं नव्हतं.

जून लागला होता. एका दुपारी आंदी, पेनाया आणि मी त्यांच्याजवळ बसलो होतो. दारातून ऊन त्यांच्या तोंडावर येत होतं. डोळे न उघडता म्हणाले, ‘‘केलू, तिला सांग, चटई जरा सरकव.’’

मी आंदीला सांगितलं. तिने चटई ओढली. रातू सावलीत आले आणि काही वेळाने गेले. शेवटचे शब्द म्हणावेत तर हेच, आणि तेही माझ्या मार्फत.

पेनाया बाहेर गेला आणि त्याने शंख फुंकला. त्या दिवशीही होड्या वाटेत होत्या. पहिला आवाज गेला तेव्हा लोक उभे राहिले. दुसरा गेला तेव्हा जाळी वर यायला लागली. विलियामेने स्वतःचं जाळं ओढलं नाही, सुरीने कापून समुद्रात सोडलं आणि किनाऱ्याकडे निघाला.

तोच पेनायाबरोबर नवा खांब रोवायला गेला. छातीभर पाण्यात उभं राहून त्याने खांब धरला, आणि पेनायाने भोवती होड्यांत जमलेल्या सगळ्या गावाला ओरडून सांगितलं, ज्यांनी मतं दिली त्यांना आणि ज्यांनी नाही दिली त्यांनाही:

‘‘सरदार गेला. पाणी बंद. शंभर रात्री. जिवंत मामाचं ते भाच्याचं. मेलेल्या मामाचं कुणाचंच नाही.’’

‘‘नाही,’’ गाव एका आवाजात म्हणालं. विलियामेही म्हणाला.

पुढे डॉक्टर मला म्हणाले की पाय कापूनही वाचले असते असं छातीठोक सांगता येत नाही. असेल. पण बोट धक्क्याला लागली होती, एवढं मला माहीत आहे.

जुलैच्या शेवटी एका सकाळी आंदी बर्फाच्या खोलीवर आली. सुतकाचे काळे कपडे, केस कापलेले. मला वाटलं, बर्फ हवा असेल.

‘‘पेनाया काल होडी घेऊन खांबापर्यंत गेला होता,’’ ती म्हणाली. ‘‘म्हणतो, तळ दिसत नाही इतके कावाकावा आहेत.’’

‘‘चांगलं झालं.’’

‘‘केलू, त्याने तुला काही विचारलं होतं? बुधवारी? होड्या आत गेल्या त्या दिवशी?’’

मी हातातलं काम ठेवलं. तेवढ्या एका क्षणात माझा सगळा जमाखर्च उलटापालटा झाला. जून, जुलै, ऑगस्ट. शंभर रात्री. हाक द्यायची नव्हती, दार ठोठावायचं नव्हतं, आणि भाच्याला अडवेल असा एकच तांबू शिल्लक होता, सरदार मेल्यावर लागतो तो.

‘‘विचारलं होतं,’’ मी म्हणालो. ‘‘महिने विचारले होते. मी सांगितले.’’

आंदीने मान हलवली. रडली नाही. बर्फाच्या लादीवर हात ठेवून उभी राहिली, बोटं लाल होईपर्यंत.

‘‘लहानपणी,’’ ती म्हणाली, ‘‘आमचं बोलणं बंद व्हायच्या आधी, तो मला फसवायचा. स्वतः हरायचा आणि सांगायचा की तू जिंकलीस.’’ मग म्हणाली, ‘‘विलियामेला सांगू नकोस.’’

‘‘आंदी, गाव त्यांना ताठ्याने मेला म्हणतं.’’

‘‘म्हणू दे. मेलेल्याला काय लागतं? माझ्या मुलाला अजून जगायचंय.’’

पण विलियामे बुद्दू नव्हता. त्यालाही मासे दिसत होते, आणि महिने मोजता येत होते. तो हसेनासा झाला. माझ्याकडे येऊन बसायचा, काहीतरी विचारायला तोंड उघडायचा आणि बर्फ फोडायला लागायचा.

शंभर रात्री सरल्या. खांब उपटला गेला, सगळ्या होड्या गेल्या, आणि रातूंच्या नावाचं जेवण झालं. जमिनीतल्या भट्टीत भाजलेले कंद, डुक्कर, आणि झावळ्यांवर ओळीने मांडलेले मासे. कावाकावांची पोटं रिकामी होती. अंडी पाण्यात गेली होती. उरले होते ते नुसते मासे, खाण्यापुरते. मतं दिलेले आणि न दिलेले पुन्हा एका पंगतीत मांडीला मांडी लावून बसले होते. विलियामे आपल्या आईजवळ बसला होता, समोर पेनाया, त्याच्या बाजूला मी. विलियामेने अन्नाला हात लावला नव्हता.

‘‘आई,’’ तो म्हणाला, ‘‘मामा त्या दिवशी बोटीवर का चढला नाही?’’

पेनायाने वाटीत बघायला सुरुवात केली.

‘‘लोक म्हणतात, मानासाठी,’’ विलियामे म्हणाला. ‘‘मला ते खरं वाटत नाही. मला दुसरंच काहीतरी वाटतं. खरं सांग.’’

आंदी त्याच्यासाठी माशातले काटे काढत होती. हात थांबला नाही.

‘‘घाबरला होता,’’ ती म्हणाली.

‘‘मामा?’’

‘‘सुरीला. लहानपणापासून. हे दोन पायांचं वगैरे सगळं लोकांना सांगायला. रात्ररात्र झोपायचा नाही भीतीने.’’ तिने एक लांब काटा ओढून बाजूला ठेवला. ‘‘शेवटी माझा हात धरलान. म्हणाला, लितिया, सोडू नकोस.’’

विलियामे तिच्याकडे बघतच राहिला. ‘‘तुझ्याशी बोलला? स्वतः?’’

‘‘माझ्याशी. स्वतः.’’

नामोलीचा सरदार, आणि बहिणीशी बोलला. माणूस किती भ्याला असेल, याचा याहून मोठा पुरावा त्या गावात कुणाला लागणार नव्हता. पेनाया वाटीतून डोळे वर काढत नव्हता.

‘‘केलू,’’ विलियामे म्हणाला, ‘‘तू होतास ना तिथे?’’

आंदी माझ्याकडे बघत नव्हती. माशाकडे बघत होती.

‘‘होतो,’’ मी म्हणालो. ‘‘म्हणाले ते.’’

विलियामेच्या छातीतून मोठा श्वास बाहेर पडला. कितीतरी दिवसांनी त्याचे खांदे खाली आले. त्याने हाताच्या पालथ्या बाजूने तोंड पुसलं.

‘‘बिचारा मामा,’’ तो म्हणाला, आणि आईने सोललेला मासा त्याने जवळ ओढला.